बाहुलीचे ओठ

कर्नाटकातील कर्की गावची भागवत मंडळी १८४२ साली सांगलीस आली आणि तिने संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे आपले खेळ केले. तसे खेळ मराठीत व्हावेत असे अप्पासाहेबांच्या मनात आले व ते काम त्यांनी विष्णुदास भावे यांच्याकडे सोपविले. पुढल्याच वर्षी, १८४३ मध्ये, विष्णुदासांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले. मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून या प्रयोगाचे स्मरण दरवर्षी ५ नोव्हेंबर रोजी केले जाते. त्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. त्या नाटकातील पदे पात्रे स्वतः गात नसत. ती सूत्रधार गात असे. राम, रावण, जनक ही पात्रे पदाच्या अर्थाप्रमाणे हावभाव करीत, आणि पद संपले की मनाने जुळविलेली चार वाक्ये बोलत. गळा एकाचा आणि देह दुसऱ्याचा असा हा प्रकार होता. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. विष्णुदासांनी अशी नाटके पुढे गावोगाव नेली आणि लोकांनी ती आवडीने पाहिली.

विष्णुदासांना बाहुल्या घडविण्याचेही वेड होते. त्यांच्या सांधे हलणाऱ्या लाकडी बाहुल्या त्यांच्यामागेही टिकून राहिल्या. शंभराहून अधिक वर्षांनी रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी केली आणि त्यांच्याकडून 'सीतास्वयंवर' पुन्हा करवून घेतले. बाहुल्यांच्या नाटकात तर आवाज आणि देह यांची ताटातूट पूर्णच असते. लाकडाला कोठला आला आहे गळा? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. त्यांच्या खेळातही दोऱ्या हालविणारा पडद्यामागे असतो व बोलणे तेथूनच येते. परंपरेतील पुष्कळ कळसूत्री बाहुल्यांची तोंडे एकदा कोरली ती कोरली. ती उघडत नाहीत की मिटत नाहीत. मग कोणती बाहुली बोलत आहे हे प्रेक्षकाला कसे कळते? जिचे बोलणे चालू असेल तिची मान व हात हालवावयाचे आणि बाकीच्यांना स्तब्ध ठेवावयाचे, एवढी एकच युक्ती त्याला पुरते. रात्रीच्या दिव्यात, दहा-वीस हातांवर बसलेल्या माणसाला बाहुलीचे ओठ दिसतच नाहीत.

चित्रपट आला आणि ही सोय संपली. पडद्यावर माणसाचे तोंड दाराएवढे मोठे दिसते. ओठांच्या कोपऱ्यातील सुरकुतीही तेथे लपत नाही. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली निघाला, तेव्हा नटनटी स्वतःच गात असत. १९३५ साली 'धूप छांव' या हिंदी चित्रपटापासून निराळी रीत पडली. गाणे चांगल्या गायकाकडून आधी मुद्रित करून घ्यावयाचे, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवावयाचे आणि नटाने त्यावर नुसते ओठ हालवावयाचे. सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या आशा भोसले यांचा आवाज अशा रीतीने कितीतरी अभिनेत्रींच्या ओठांवर येऊन बसला. आवाजाशी ओठांची हालचाल अशी तंतोतंत जुळविणे यास लिप-सिंक म्हणतात. मराठीत त्याला 'ओष्ठमेळ' म्हणता येईल. नटीला हा मेळ अभ्यासाने साधतो, कारण तिला तोंड आहे व ते तिच्या ताब्यात आहे. बाहुलीला तो कोणी तरी साधून द्यावा लागतो. चित्रपटातील बाहुलीच्या बाबतीत हे काम फार चिकाटीचे असते.

चित्रपटासाठी बाहुली नाचविण्याची एक पद्धत अशी आहे, की तिला दोरी बांधावयाची नाही आणि हातही लावावयाचा नाही. निदान छायाचित्र घेतेवेळी तरी नाही. बाहुली ठेवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. मग तिचा हात तांदळाच्या दाण्याएवढा वर करावयाचा, बाजूला व्हावयाचे, दुसरे चित्र घ्यावयाचे. पुन्हा तसेच. ही शेकडो चित्रे एकामागून एक झपाट्याने दाखविली की बाहुली आपल्या आपण हात उचलते असे दिसते. या पद्धतीस स्टॉप-मोशन असे नाव आहे. महाराष्ट्राला ती अगदीच परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी एका कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडे थोडे चित्रण केले होते. पडद्यावर तो वाटाणा पाहता पाहता अंकुरून वेल झालेला दिसला. पुढे 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी आगकाड्यांनाही असेच हालते केले. वाटाणा आणि आगकाडी यांना बोलावयाचे नव्हते, आणि तो काळही मूकपटांचा होता. बोलावयाचे झाले म्हणजे अडचण सुरू होते.

बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते. स्टॉप-मोशनचे पुष्कळ कलावंत प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. एका मिनिटाच्या चित्रफितीस ७२० चित्रे झाली. माणूस साधारणपणे सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो, तेव्हा एका अक्षराच्या वाट्याला दोन किंवा तीन चित्रे येतात. एवढ्यात तोंड उघडले पाहिजे, हवा तो आकार झाला पाहिजे आणि पुढच्या अक्षराची तयारीही झाली पाहिजे.

म्हणून आवाज नेहमी आधी तयार ठेवतात. बाहुलीचे चित्र घेऊन मागाहून तिच्या तोंडी बोलणे घालू म्हटले तर ते सहसा जुळत नाही. संवाद मुद्रित केला, की तो पुनःपुन्हा ऐकून कागदावर उतरावयाचा. पण वाक्ये उतरावयाची नाहीत, ध्वनी उतरावयाचे. कागदावर आडव्या ओळी आखतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक चित्र, आणि ओळीपुढे त्या क्षणी कोणता ध्वनी चालू आहे ते लिहितात. आज संगणकाच्या पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते. तीवरून 'प' कोठे आला हेही पाहता येते, कारण 'प' फुटण्यापूर्वी ओठ मिटलेले असतात व तेवढा क्षण रेघ सपाट होते.

येथे एखाद्याला वाटेल, की मराठीत स्वर आणि व्यंजने मिळून पन्नासाच्या आसपास वर्ण आहेत, तेव्हा बाहुलीला तितकी तोंडे करावी लागणार. ही भीती वर्णमालाच घालविते. वर्णमाला ज्यांनी लावली त्यांनी वर्ण मनास येईल तसे मांडले नाहीत. ते तोंडात कोठे उत्पन्न होतात हे पाहून मांडले. 'क'चा वर्ग कंठात उत्पन्न होतो, 'च'चा टाळूशी, 'ट'चा मूर्धेशी, 'त'चा दातांशी, आणि 'प'चा ओठांशी. घशापासून निघून ओठांपर्यंत येणारा हा रस्ता आहे. प्राचीन शिक्षाग्रंथांत या स्थानांची फार बारकाईने चर्चा केलेली आहे. बाहुली घडविणाऱ्याने हाच तक्ता समोर ठेवला तर एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. पाच वर्गांपैकी चार वर्ग तोंडाच्या आत घडतात. 'का', 'चा', 'टा', 'ता' हे आरशासमोर उभे राहून म्हणून पाहावे. जीभ आत कितीही जागा बदलो, बाहेरून जबडा जवळजवळ सारखाच हलतो. 'चाक'मधला 'च' आणि 'चार'मधला 'च' निराळे आहेत हे मराठी कानाला लगेच कळते. ओठांना त्याची वार्ताही नसते. स्पर्शव्यंजनांच्या पंचवीस घरांपैकी वीस घरांची काळजी अशी एकदम मिटते.

उरतो ओठांचा वर्ग. पण त्यातही 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' हे तीन शब्द आवाज न काढता म्हटले तर ते ओळखून दाखविणे कठीण. ओठांवरून बोलणे ओळखणाऱ्या कर्णबधिर माणसांना हा अनुभव रोजचा आहे. त्यांना मागच्यापुढच्या शब्दांवरून अर्थ लावावा लागतो. बाहुलीवाल्याच्या दृष्टीने मात्र ही सोयच झाली. मिटलेल्या ओठांचे एकच तोंड या साऱ्यांना चालते.

खरे काम असते ते स्वरांचे. 'आ'ला तोंड मोठे उघडे, 'ई'ला ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, 'ऊ'ला पुढे काढून बारीक गोल केलेले, 'ओ'ला त्याहून मोठा गोल. 'अ' आणि 'ए' यांना अर्धवट उघडे तोंड पुरते, आणि कंठापासून दातांपर्यंतची बहुतेक व्यंजने त्याच तोंडावर भागतात. 'स', 'श' यांच्यासाठी दात जुळत आलेले दाखवावे. 'व'साठी खालचा ओठ वरच्या दातांपाशी नेऊन ठेवावा. एवढी आणि मिटलेले एक, अशी आठ तोंडे हाताशी असली की मराठीतील बहुतेक कोणतेही वाक्य बाहुलीच्या तोंडी घालता येते. 'ह'ला स्वतःचा आकारच नाही. तो शेजारच्या स्वराचा आकार घेतो. आणि 'कुत्रा' म्हणताना 'क' उमटण्याआधीच ओठ 'उ'साठी गोल होऊन बसतात, हे तर ज्याने आरशात पाहिले नाही त्याला खरेही वाटणार नाही.

इंग्रजीतील बाहुलीपटांसाठी केलेले मुखांचे तक्ते सहज मिळतात आणि शिकणारी मुले तेच समोर ठेवतात. ते त्या भाषेला योग्यच आहेत. त्यांत दातांमध्ये जिभेचे टोक दाखविणारे एक तोंड असते, कारण इंग्रजीत तसा एक ध्वनी आहे. मराठी 'थ' तसा नाही. तो तक्ता जसाच्या तसा उचलला तर 'थांब' म्हणणारी मराठी बाहुली समोरच्याला जीभ दाखवील. 'फ'चीही तीच कथा. फळ, फणस, फूल हे शब्द मराठीच्या जुन्या वळणाने दोन्ही ओठ मिटून उच्चारले जातात. इंग्रजी तक्त्यात त्या जागी खालचा ओठ दातांना लावलेला असतो. अलीकडे पुष्कळ मुले 'फूल'ही तशाच परक्या वळणाने म्हणतात, ही गोष्ट वेगळी. मुद्रित आवाजात जसा उच्चार असेल तसेच ओठ बाहुलीला द्यावे लागतात, मग ते वळण गुरुजींना रुचो वा न रुचो. परभाषेतील एखादा बाहुलीपट मराठीत बोलू लागतो तेव्हा काही तरी खटकत राहते. त्याचे कारण बहुधा भाषांतरात नसते. आवाज मराठी आणि ओठ दुसऱ्या भाषेचे, असे ते असते. ज्या मुलांनी लहानपणी असेच चित्रपट पाहिले, त्यांनी स्वतःच्या भाषेत हालणारे बाहुलीचे ओठ क्वचितच पाहिलेले असतात. ते पाहावयाचे तर कोणी तरी बसून मराठीसाठी निराळा तक्ता केला पाहिजे, आणि ते काम मराठी बोलणाऱ्यांचेच आहे.

हा तक्ता करताना लेखनावर विसंबून चालत नाही. 'सांगली' आणि 'आंबा' या दोन्ही शब्दांत 'आ'वर सारखाच अनुस्वार आहे. परंतु तो पुढच्या अक्षराचा रंग घेतो. 'सांगली'त पुढे 'ग' असल्यामुळे त्याचा उच्चार कंठात होतो आणि ओठ उघडेच राहतात. 'आंबा'त पुढे 'ब' आहे, म्हणून तोच ठिपका 'म्' होतो आणि ओठ टिंबापाशीच मिटतात. 'मुंबई' म्हणताना तर ओठ दोनदा मिटतात, एकदा 'मु'साठी आणि एकदा 'म्ब'साठी. व्याकरणाच्या तासाला परसवर्णाचा नियम कंटाळवाणा वाटतो खरा. पण ज्याने तो लक्षपूर्वक ऐकला नाही त्याच्या बाहुलीला 'आंबा' म्हणता येत नाही.

दुसरा घोटाळा शब्दाच्या शेवटच्या 'अ'चा. 'राम' हा शब्द लिहिताना 'म' पूर्ण लिहिला जातो; बोलताना त्यातील 'अ' गळतो आणि 'म्'पाशीच शब्द संपतो. समजा, बाहुलीला 'रामराम' म्हणावयास शिकवावयाचे आहे आणि ते बोलणे बरोबर एका सेकंदाचे आहे. हाताशी १२ चित्रे आहेत. 'र'साठी अर्धवट उघड्या तोंडाचे एक चित्र, 'आ'साठी मोठ्या उघड्या तोंडाची तीन, 'म्'साठी मिटलेल्या ओठांची दोन. पुन्हा एक, तीन आणि दोन. झाली बारा. नवशिका अक्षरांकडे पाहून प्रत्येक 'म'नंतर आणखी एक उघडे तोंड घालतो. मग आवाज 'रामराम' असा येतो व बाहुलीचे तोंड मात्र 'रामा रामा' असे काही तरी म्हणते. पाहणाऱ्याला चूक कोठे आहे हे सांगता येणार नाही. पण बाहुली आपल्याशी बोलत नाही एवढे त्याला नक्की कळेल.

नवशिक्याच्या हातून आणखी एक गोष्ट होते. तो आवाजातील प्रत्येक अक्षराला तोंड उघडतो आणि मिटतो, त्यामुळे बाहुली मासळीसारखी तोंड वाजवीत राहते. भरभर बोलताना माणूस इतके सगळे उच्चार ओठांवर दाखवीतच नाही. कित्येक अक्षरे तो जिभेवरच उरकतो. जाणता कलावंत म्हणून पुष्कळ गाळतो. परंतु एक नियम तो मोडत नाही. 'प', 'ब', 'म' आले की ओठ मिटलेच पाहिजेत, आणि मिटलेले दिसले पाहिजेत. बाकीचे आकार थोडे इकडेतिकडे झाले तर डोळा क्षमा करतो; ओठ न मिटता 'ब' ऐकू आला तर तो क्षमा करीत नाही.

याची साक्ष उलट्या बाजूने पाहावयाची असेल तर शब्दभ्रमकाराकडे पाहावे. शब्दभ्रमकार मांडीवर बाहुला घेऊन बसतो, स्वतःचे ओठ न हालवता बोलतो आणि बोलणे बाहुल्याचे आहे असे भासवितो. महाराष्ट्रात यशवंत केशव पाध्ये यांनी ही कला लोकांपुढे आणली. त्यांचा 'अर्धवटराव' हा बाहुला पुढे त्यांचे पुत्र रामदास यांच्या मांडीवर बसून बोलत राहिला. १९९३ च्या 'झपाटलेला' या चित्रपटातील तात्या विंचूही रामदास पाध्ये यांच्याच हातचा. मांडीवरच्या अशा बाहुल्याचा जबडा साधारणपणे खालीवर होतो, बाकी काही नाही. पण योग्य क्षणी तो मिटतो, म्हणून बाहुला बोलका वाटतो. शब्दभ्रमकाराची स्वतःची अडचण नेमकी तेथेच असते. त्याला ओठ मिटता येत नाहीत, आणि ओठ न मिटता 'ब' कसा म्हणावयाचा? तो 'ब'च्या जागी 'द' किंवा 'ग' यांच्या जवळचा ध्वनी काढतो, तो विशेष मऊ करतो, आणि श्रोत्यांचे कान तो 'ब' म्हणून मानून घेतात, कारण त्यांचे डोळे त्या वेळी बाहुल्याच्या मिटलेल्या तोंडाकडे असतात. एक जण ओठ लपवितो, दुसरा दाखवितो. दोघांचीही कसोटी 'प'च्याच वर्गात लागते.

कान हा डोळ्याच्या इतका आहारी असतो, हे १९७६ साली प्रयोगाने दिसून आले. हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनाल्ड या ब्रिटनमधील संशोधकांनी लोकांना एक चित्रफीत दाखविली. तीत आवाज 'बा' असा होता आणि ओठ 'गा' म्हणणाऱ्याचे होते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ना 'बा' ऐकू आले ना 'गा'. त्यांना 'दा' ऐकू आले. डोळे मिटल्यावर तोच आवाज पुन्हा 'बा' होत असे. तेव्हा बाहुलीचे ओठ चुकले म्हणजे केवळ चित्र बिघडते असे नाही. उत्तम मुद्रित केलेले बोलणेही ऐकताना अस्पष्ट होते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील गावांची नावे या अभ्यासाला फार उपयोगी पडतात. हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ मध्ये त्यांचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे भाग पडले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. 'सातारा' आणि 'सांगली' ही दोन्ही नावे ओठ एकदाही न मिटता म्हणता येतात. शब्दभ्रमकाराला याहून सोपी नावे मिळणार नाहीत. 'कराड' आणि 'जत' यांचेही तसेच. 'मिरज', 'फलटण', 'पाटण', 'माण' यांचा आरंभच मिटलेल्या ओठांनी होतो. 'वाई' हे एवढेसे नाव, पण त्याला तीन तोंडे लागतात: आधी दातांपाशी गेलेला ओठ, मग मोठा 'आ', मग ताणलेला 'ई'. आणि 'महाबळेश्वर' म्हणताना ओठ दोनदा मिटतात, मध्ये एकदा मोठे उघडतात, एकदा ताणले जातात आणि शेवटाकडे 'श्व'पाशी पुढे येतात. ज्याला आपल्या बाहुलीकडून 'महाबळेश्वर' स्वच्छ म्हणवून घेता आले, त्याला पुढे फारसे काही अडत नाही.

ओठ मिटावयाचे ते नेमके केव्हा, हाही प्रश्न आहे. आवाज 'ब'चा आला त्याच चौकटीत ओठ मिटविले तर ते उशिरा मिटल्यासारखे वाटतात. कारण उघड आहे. 'ब' ऐकू येतो तो ओठ सुटताना; ते मिटलेले असतात त्याच्या आधी. म्हणून कलावंत तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी देतात. उलट, आवाज पुढे व ओठ मागे असे झाले तर ते फार खटकते. निसर्गातही दृश्य आधी व आवाज मागून अशीच सवय माणसाला असते. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. दूरच्या शेतात कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड खाली आलेली आधी दिसते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका चौकटीच्या वेळात सुमारे १४ मीटर. नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला नटाचा शब्द एक-दोन चौकटी उशिराच पोचतो आणि त्याची त्याला दादही नसते.

बाहुलीला तोंडे देण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज पाल हे १९३०-४० च्या सुमारास लाकडी बाहुल्यांचे चित्रपट काढीत. ते एकेका बाहुलीची अनेक डोकी कोरून घेत आणि प्रत्येक चित्रासाठी डोकेच बदलीत. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' (१९९३) या अमेरिकन चित्रपटातील मुख्य बाहुलीसाठी सुमारे ४०० डोकी केली होती. 'कोरालाइन' (२००९) या चित्रपटापासून चेहरे यंत्राने छापून घेण्यास सुरुवात झाली. एवढा पसारा शाळेतील मुलाला नको. तारेचा सांगाडा, त्यावर तेलमिश्रित रंगीत माती, आणि जाड कागदातून कापलेली आठ तोंडे यांवर त्याचे काम भागते. साधी शाडूची माती येथे उपयोगाची नाही, कारण दिव्याच्या उष्णतेने ती वाळते आणि दहाव्या चित्राला ओठांना भेगा पडतात. कागदी तोंड दर वेळी अगदी त्याच जागी बसले पाहिजे, नाही तर बोलता बोलता ते गालाकडे सरकू लागते. त्यासाठी चेहऱ्यात बारीक टाचण्या रोवतात व तोंडाच्या मागे त्यांना जुळणारी छिद्रे ठेवतात. खिडकी बंद करून दिव्याच्या उजेडात काम करावे. उघड्या खिडकीत ढग आला की चित्र काळवंडते, गेला की उजळते, आणि सगळी फीत दिवाळीच्या पणतीसारखी लुकलुकत राहते. चित्रे घेण्यास घरातील साधा मोबाइल चालतो, मात्र तो घट्ट बांधलेला हवा.

एवढे सगळे करूनही तोंड हा चेहऱ्याचा एक भाग आहे, चेहरा नव्हे. इंग्लंडमधील निक पार्क यांच्या मातीच्या बाहुलीपटांत ग्रोमिट नावाचा एक कुत्रा आहे. १९८९ साली तो प्रथम पडद्यावर आला. त्याला तोंडच दाखविलेले नाही. तो नुसती भुवई उचलतो, डोळे वळवितो, कान पाडतो, आणि त्याच्या मनातील सारे काही लहान मुलालाही कळते. पिंगुळीच्या बाहुल्या मान हालवून जे सांगतात तेच हे. म्हणून अनुभवी कलावंत ओठांना हात घालण्यापूर्वी संवाद ऐकत बाहुलीची मान, खांदे आणि डोळे यांची हालचाल ठरवून घेतो. माणूस महत्त्वाचा शब्द बोलण्याआधी डोळे वळवितो, किंचित श्वास घेतो. तेवढी दोन-तीन चित्रे आधी घालावयाची आणि मग ओठ उघडावयाचे.

वाक्य संपले म्हणजेही चित्रण लगेच थांबवीत नाहीत. 'रामराम'चा शेवटचा 'म्' ऐकू येतो, ओठ मिटतात. त्यानंतर पाच-सहा चित्रे बाहुली काही न बोलता समोर पाहत राहते. एखाद्या चित्रात तिची पापणी मिटते आणि पुढच्यात उघडते. मग दिवा मालविला जातो.